सुलोचनाबाईंनी न लिहिलेलं रडणं

श्रीनिवास सरांच्या नाटकातली बाई तिसऱ्या अंकात रडायची. हे वर्ध्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आर्वी नाक्यापासून गोल बाजारापर्यंत कुणालाही विचारा. पहिल्या अंकात ती घर सोडायची किंवा नवऱ्याला उलटून बोलायची. दुसऱ्यात तिचे हाल व्हायचे. आणि तिसऱ्यात ती कुणाच्या तरी पायाशी बसून चांगली दोन पानं रडायची, की पडदा. नाटकांची नावंसुद्धा शेवट आधीच सांगून टाकणारी: ‘घसरलेलं पाऊल’ काय, ‘अखेर उशीर झाला’ काय. सर शाळेत भूगोल शिकवायचे. माणूस देवासारखा, पण त्यांच्या बायका एका साच्यातून काढलेल्या.

ही गोष्ट सगळ्यांत जास्त कुणाला छळत असेल तर सुलोचनाबाई निखाड्यांना. कारण सरांची सातही नाटकं त्यांनीच टाइप केली होती.

गोल बाजाराच्या मागच्या बोळात सुलोचनाबाईंची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. चार इंग्रजी मशीन, दोन मराठी. सकाळ-संध्याकाळ परीक्षेला बसणारी पोरंपोरी यायची आणि बोळभर पत्र्यावर चिंचा पडल्यासारखा आवाज चालायचा. दुपारी बाई बाहेरची कामं करायच्या: कोर्टाचे अर्ज, मास्तरांच्या बदल्यांची पत्रं, लग्नाळू मुलींची माहिती, आणि नाटकं. वय चव्वेचाळीस. यजमान माणिकराव पाटबंधारे खात्यात कारकून. टायपिस्टानं डोळ्यांनी वाचावं, बोटांनी लिहावं, मध्ये डोकं आणू नये, असं त्या पोरींना बजावायच्या आणि स्वतःही तसंच वागायच्या. निदान मशीनवर बसल्यावर तरी.

मशीनवरून उठल्या की मात्र डोकं मोकाट सुटायचं. वाचनालयातली कादंबरी त्या दोन दिवसांत फस्त करायच्या. घरी केबल आल्यापासून तर संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मालिकेतल्या बायकांशी भांडायच्या.

“चांगल्या बाईले काही कामच नाई बाप्पा,” त्या माणिकरावांना म्हणायच्या. “चहा आणते, पाणी आणते, डोये पुसते. सारी मालिका त्या वाईट बाईच्या डोक्यावर चालून राह्यली. आन् ती वाईट काऊन झाली, हे काई कोणी सांगून नाई राह्यलं!”

“झाली असन,” माणिकराव सुपारी कातरत म्हणायचे. त्यांच्या दृष्टीनं तेवढं पुरेसं होतं.

ही गोष्ट १९९४ सालच्या मार्च महिन्यातली. जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत सरांची मंडळी आठ वर्षं भाग घेत होती, एक नाटक तर दोनदा करून, आणि आठ वर्षं हात हलवत परत येत होती. यंदा सरांनी ‘अकरा वर्षांनी’ हे नवं नाटक लिहिलं. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेला गठ्ठा त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवला.

नाटकातल्या वत्सलेनं नवरा आणि सात वर्षांचा मुलगा सोडलेला. नागपूरला जाऊन तिनं अकरा वर्षं खानावळ चालवली. आता नवरा गेल्याचं कळल्यावर ती घरी येते आणि दार उघडतो तो अठरा वर्षांचा मुलगा. बाई टाइप करता करता पुढं सरकून बसल्या. काय जागा होती! सात नाटकांत अशी जागा आली नव्हती. त्यांनी घाईघाईनं पान उलटलं. पुढं सरांच्या सुबक अक्षरात एवढंच होतं:

‘(इथे “अखेर उशीर झाला”मधलं रडणं घ्यावं. नावं बदलावीत.)’

बाईंनी चष्मा पुसून परत वाचलं. तेच होतं.

सर आळशी नव्हते हो. त्यांना मनापासून वाटायचं की बाईचं रडणं म्हणजे पोळ्यांची कणीक, एकदा जमली की रोज तीच मळायची. बाई मुकाट्यानं उठल्या. लोखंडी कपाटातून ‘अखेर उशीर झाला’ची फाइल काढली. त्या प्रत्येक नाटकाच्या पाच प्रती काढायच्या: दोन स्पर्धेच्या कार्यालयाला, एक सरांना, एक प्रॉम्प्टरला आणि पाचवी, सगळ्यांत खालची, स्वतःच्या कपाटात. चार कार्बनांखालून जाईपर्यंत अक्षरांचा जीव जायचा. त्यामुळे बाईंच्या स्वतःच्या वाट्याची प्रत नेहमी इतकी पुसट असायची की उजेडाला धरून वाचावी लागे.

त्यांनी ती उजेडाला धरली. ‘क्षमा करा, मी पापिणी आहे,’ अशी सुरुवात होती. कागद मशीनला लावला, ‘क्षमा’ टाइप केलं आणि बोटं थांबली.

चाळीस माणसांच्या पोळ्या रोज लाटणारी बाई. भाजीवाल्याशी भांडणारी, बिल बुडवून पळणाऱ्याला रस्त्यात गाठणारी. ती आपल्याच दारात येऊन पापिणी-बिपिणी म्हणेल? ती आधी भिंतीकडं पाहील, रंग कधी दिला म्हणून. मग पोराच्या पायाकडं पाहील, चप्पल धड आहे का म्हणून. आणि मग ती जे मागायला आली ते मागेल.

काय मागायला आली असेल?

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. मशीनला विजेचं काय काम! बाईंनी तो कागद फर्रकन ओढून काढला, पदर खोचला आणि नवा कोरा कागद लावला. एकच, कार्बनशिवाय.

पुढचा सव्वा तास बाईंना कुणी हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती. कानशिलांवरून घामाच्या धारा, हनुवटीवरून थेंब मशीनवर, आणि बोटं अशी सुटलेली की अक्षरांच्या काड्या एकमेकींत अडकत होत्या. मध्येच त्या एकट्या हसल्या. मध्येच “असं!” म्हणून टेबलावर हात आपटला. वत्सला आपल्या बापानं दिलेलं शिलाई मशीन न्यायला आली होती. त्यासाठीच. पोराला ती सांगत होती, ‘तुझी आठवण रोज आली म्हटलं तर खोटं होईल. पहिली दोन वर्षं रोज आली. मग गुरुवारी यायची. गुरुवारी खानावळ बंद असायची.’ ती म्हणत होती, ‘मी वाईट होते म्हणून गेले नाही, आणि चांगली झाले म्हणून आले नाही. माझी वस्तू मागायला आले, माफी मागायला नाही.’ ही बाई प्रेमळ होती की दगड, हे बाईंनाही सांगता आलं नसतं. पण ती समोर उभी होती, खरीखुरी, घामेजलेली, आणि ती आपल्या बोटांतून आली, या आनंदानं त्यांचं काळीज उड्या मारत होतं. लिहून झाल्यावर मोजलं तर दोन पानांत सात चुका. परीक्षेला बसल्या असत्या तर नापास झाल्या असत्या!

आता या पानांचं काय करायचं?

नाटकमंडळींची एक जुनी रीत होती. सबंध नाटक कुणा नटाच्या हातात पडत नसे. कागदाची बचत म्हणून प्रत्येकाला फक्त त्याची नक्कल मिळायची, म्हणजे त्याची स्वतःची वाक्यं आणि आधी बोलणाऱ्याचे शेवटचे चार-पाच शब्द. ते शब्द कानावर आले की आपण सुरू व्हायचं. पोराचं काम करणाऱ्या मिहिरच्या नकलेत वत्सलेचे एवढेच शब्द होते: ‘मी इथे थांबू शकते का?’ त्यावर त्यानं म्हणायचं, ‘थांब, आई, थांब!’ आणि पडदा.

जुन्या रडण्यात होतं, ‘मरेपर्यंत मी इथे थांबू शकते का?’ बाईंनी लिहिलं होतं, ‘मशीन माळ्यावरून उतरेपर्यंत मी इथे थांबू शकते का?’ म्हणजे मिहिरचं वाक्य त्याला बरोबर सापडणार होतं.

बाईंनी पाचही प्रतींत सरांच्या आज्ञेप्रमाणे जुनं रडणं इमानेइतबारे टाइप केलं. आणि वत्सलेच्या नकलेला मात्र आपली दोन पानं टाचणीनं जोडली. असं का केलं, हे त्यांना विचारू नका. पानं गेली, एवढं खरं.

मग चार दिवस चोराच्या मनात चांदणं. बोळात सायकलची घंटा वाजली तरी बाई दचकायच्या.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून आनंदाबाई नाचणगावहून एसटीनं आल्या. या तिथल्या शाळेत मास्तरीण. वय पन्नास, आवाज असा की वर्गात बोलल्या तर शेजारच्या गावचा घंटा देणारा चपराशी सावध व्हायचा. सरांच्या सातही बायका त्याच रडल्या होत्या. त्यांनी पिशवीतून ती दोन पानं काढून टेबलावर ठेवली आणि स्टूल ओढलं.

“हे सरनं लिवलं?”

“हो,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

“सुलोचना, मी सात नाटकं रडून राह्यली. सरची बाई दारात आली का आधी खाली बसते. ही तं उभीच हाय.” त्यांनी डोळे बारीक केले. “तूनं लिवलं.”

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. सुलोचनाबाईंनी मान हलवली. “फाडून टाका ताई. येडेपणा झाला माया हातून.”

“फाडू? मी बसमध्ये पाठ केलं हे! बाजूचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.” आनंदाबाई एकदम जवळ सरकल्या. “मी बोललीच म्हनून समज. पण सरले सांगशीन?”

“सर म्हनतील काढून टाका. आन् तो नऊ नंबरचा नियम हाय ना.”

नियमपत्रक बाईंनीच टाइप केलं होतं, त्यामुळे पाठ होतं. नियम नऊ: दिलेल्या संहितेत लेखकाने स्वतः केलेला बदल चालेल. अन्य कोणी केलेला आढळल्यास प्रयोग स्पर्धेतून बाद.

आनंदाबाईंनी क्षणभर विचार केला. मग पानं परत पिशवीत टाकली. “मी बोलीन. पण एक आयकून घे. कोणी इचारलं तं मी तुयं नाव सांगणार नाई, आन् माया अंगावरही घेणार नाई. लेकरू तुयं हाय. सांभायजो.”

तालमीत हे उघडं कसं पडलं नाही म्हणाल, तर आनंदाबाई तालमीत कधी रडतच नसत. आवाज बसतो म्हणायच्या. तिसऱ्या अंकात ती जागा आली की प्रॉम्प्टर प्रफुल पान उलटून म्हणायचा, “हं, इथं रडणं झालं, मिहिर, चल पुढं.” आठ वर्षांची पद्धत होती. सरांनी एकदाही मान वर केली नाही.

एप्रिलचा दुसरा रविवार. सकाळी अकराचा प्रयोग, पत्र्याचं छत, आणि सभागृह खच्चून भरलेलं. सातव्या रांगेत माणिकरावांच्या शेजारी बसलेल्या सुलोचनाबाईंच्या हातात रुमालाचा बोळा झाला होता. दोन अंक नेहमीसारखे गेले. मागं कुणीतरी शेंगदाणे फोडत होतं. तिसरा अंक उघडला. दारावर थाप पडली, मिहिरनं दार उघडलं. आनंदाबाई आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यांनी आधी भिंतीकडं पाहिलं.

“रंग दिला वाटतं,” त्या म्हणाल्या.

विंगेत प्रफुलची पानं फडफडली. “क्षमा करा... क्षमा करा...” तो तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं कुजबुजायला लागला. पहिल्या रांगेत सर अर्धे उठले, मग अर्धेच राहिले. आनंदाबाईंनी कुणाकडंही लक्ष दिलं नाही. त्या बोलत गेल्या, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात. गुरुवारचं वाक्य आलं तेव्हा शेंगदाणे फोडायचे थांबले. सुलोचनाबाईंचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते. अंगावर काटा उभा राहिला होता. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून साडेचारशे माणसं श्वास धरून ऐकताहेत! याच्यापुढं स्वर्ग तो काय असेल?

“...मशीन माळ्यावरून उतरेपर्यंत मी इथे थांबू शकते का?”

मिहिर गोरामोरा झाला होता. पण त्याच्या कानांना त्याचे शब्द सापडले. “थांब, आई,” तो म्हणाला, आणि दुसरं ‘थांब’ म्हणताना पोराला खरंच हुंदका फुटला.

पडदा पडला. मग आधी बायकांच्या बाजूनं, आणि मग सगळीकडून अशा टाळ्या उठल्या की पत्रे वाजायला लागले.

परीक्षक नागपूरच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. संहिता हातात घेऊन त्या रंगमंचावर आल्या. “तिसऱ्या अंकातलं भाषण या संहितेत नाही,” त्या म्हणाल्या. “लेखकानं बदललं असेल तर हरकत नाही. उलट इतक्या वर्षांत असं भाषण या स्पर्धेत मी ऐकलं नाही. ही स्त्री आवडली म्हणवत नाही आणि डोक्यातून जातही नाही. श्रीनिवासराव, हे तुमचंच ना?”

सर उभे राहिले. चारी बाजूंनी माणसं त्यांच्या पाठीवर थापा मारत होती. बिचाऱ्याचा चेहरा घामानं डबडबलेला. आठ वर्षं हात हलवत परत गेलेला माणूस तो. “हो... म्हणजे... शेवटी शेवटी सुचलं,” ते म्हणाले.

परत टाळ्या. प्रफुल तर विंगेतून बाहेर येऊन नाचायचाच बाकी होता. पहिलं बक्षीस आल्यातच जमा होतं. सुलोचनाबाई नुसत्या गप्प बसल्या असत्या, तर सुंठीवाचून खोकला गेला असता. नियम मोडला गेला नसता, मंडळी खूश, सर खूश, आणि उद्यापासून बोळातलं काम जसंच्या तसं. मंचावर आनंदाबाई दोन्ही हात समोर बांधून उभ्या होत्या. त्यांनी सातव्या रांगेकडं पाहिलं. खूण केली नाही, काही नाही. नुसतं पाहिलं.

माझी वस्तू मागायला आले, असं जिनं लिहिलं, तिनं आता खाली मान घालून बसायचं?

सुलोचनाबाई उभ्या राहिल्या. माणिकरावांनी पदर ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला.

“मॅडम, ते मायं हाय.”

साडेचारशे माना वळल्या.

“आपण कोण?”

“टायपिस्ट.”

सभागृहात हशा पिकला. परीक्षक हसल्या नाहीत. “बाई, नियम माहीत आहे?”

“नऊ नंबर. मीच टाइप केला.”

“तुमच्या लेखकांनी आत्ताच सांगितलं, त्यांचं आहे म्हणून. मग मी कुणाचं खरं मानू?” त्या थोड्या पुढं आल्या. “मला सांगा, आठवण गुरुवारीच का?”

“खानावळ बंद राह्यते ना मॅडम. इतर दिवशी चाळीस जणांच्या पोळ्या. आठवण यायले टाइम पायजे.” बाईंचा आवाज चढला. “लोक समजतात का बाई घर सोडून गेली म्हनजे तिच्या काळजात दगड असन. नाई तं रोज रडत असन. दोन्ही नाई! तिले काम राह्यते!”

आता कुणी हसलं नाही. परीक्षकांनी सरांकडं पाहिलं. सरांनी चष्मा काढला, पुसत राहिले आणि खाली बसले.

प्रयोग बाद झाला.

मंडळींचं दुःख खोटं नव्हतं. मिहिर पायऱ्यांवर बसून होता. प्रफुलनं बाईंसमोरून जाताना तोंड फिरवलं, ते पुढं वर्षभर फिरलेलंच राहिलं. आठ जणांची महिनाभराची मेहनत आपण आपल्या एका वाक्यासाठी पाण्यात घातली, हे बाईंना कळत होतं आणि फार लागत होतं. पण खरं सांगायचं तर त्याच्याहून जास्त आनंद होत होता, आणि त्या आनंदाची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही तो काही केल्या कमी होत नव्हता.

घरी जाताना माणिकराव सायकल हातात धरून चालत होते. “आठ वर्षांत पहिल्यांदा बक्षीस येऊन राह्यलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“तू गप राह्यली असती तं?”

“आलं असतं.”

माणिकराव सायकल ढकलत राहिले. मग चौकात आल्यावर म्हणाले, “ते शिलाई मशीनचं मस्त जमलं होतं पण.”

सर बोळात आले ते थेट दिवाळीनंतर. बसले, पाणी प्यायले. “त्या दिवशी माझ्या तोंडून हो गेलं,” ते म्हणाले, “ते बरं नाही झालं.” मग उत्तरपत्रिकांचा नवा गठ्ठा टेबलावर ठेवला. बाईंनी तिसरा अंक काढला. जागा आलीच होती. नेहमीसारखा कंस होता आणि कंसात लिहिलं होतं: ‘(इथे सुलोचनाबाईंनी लिहावं.)’

बाईंना हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. हात मशीनकडं गेलासुद्धा. पण त्यांनी तो मागं घेतला आणि गठ्ठा उलटून सगळ्यांत वरचं पान पाहिलं. लेखक: श्रीनिवास देशकर.

“सर, आधी हे पान नीट करून आणा.”

“म्हणजे?”

“नाव पायजे मायं. कंसात नाई. वरती.”

सर लाल झाले. “अवो बाई, सात-आठ नाटकं लिवली मी! दोन पानांसाठी काय...” चिडले की सरांची पुस्तकी भाषा गळून पडायची. त्यांनी गठ्ठा उचलला आणि चालू लागले. बाईंनी थांबवलं नाही. गेले तर गेले, असं म्हणाल्या खऱ्या, पण आठ दिवस बोळात घंटा वाजली की परत दचकायला लागल्या.

नवव्या दिवशी दुपारी सर आले. फक्त नव्यानं लिहिलेलं वरचं पान समोर ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहत उभे राहिले.

बाईंनी पाच कागद घेतले, मध्ये चार कार्बन घातले, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि कागद मशीनला लावले. सव्वीस वर्षांत लोकांची हजारो नावं टाइप केली होती. स्वतःचं कधी लेखक या शब्दापुढं टाइप केलं नव्हतं. सरांचं नाव त्यांनी नेहमीच्या हातानं टाइप केलं. मग ‘आणि’. मग एकेक अक्षर असं जोर लावून मारलं की मशीनचं टेबल हललं आणि सरांनी वळून पाहिलं.

पानं सुटी करून त्यांनी सगळ्यांत खालची, आपल्या कपाटातली प्रत आधी पाहिली. ‘श्रीनिवास देशकर आणि’ नेहमीसारखं पुसट आलं होतं. पुढचं उजेडाला न धरताही वाचता येत होतं.